चॉप देणारं मँडोलिन: ब्लूग्राससाठी ए-५ हाताने घडवण्याची कृती

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांवरचं लोकसंगीत. त्याच्या पारंपरिक बँडमध्ये ड्रम नसतो. पहिला आणि तिसरा ठोका बास धरतो, दुसरा आणि चौथा मँडोलिन मारतं. तारांच्या चारही जोड्यांवर कॉर्ड धरायचा, प्लेक्ट्रमचा झटका द्यायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं मानेवरच्या पट्टीवरून सैल सोडायची. कोरडा, तुटक आवाज निघतो. वादक त्याला चॉप म्हणतात. शेजारी पाच तारांचा बॅन्जो कडकडत असतो, गिटारवाला जोरात असतो आणि कित्येकदा सगळे एकाच मायक्रोफोनभोवती उभे असतात. लांबवर गुंजत राहणारं गोड मँडोलिन इथे कामाचं नाही. त्याचा चॉप पसरतो आणि लय चिखलात रुतते. ह्या वाद्याची प्रत्येक जाडी, प्रत्येक कोन हे एक काम डोळ्यांसमोर ठेवून ठरवायचं: आवाज झटकन उठला पाहिजे, लांबवर पोचला पाहिजे आणि बोट सोडताच थांबला पाहिजे.

नमुना कुठला घ्यायचा ह्यावर फारसा वाद नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी गिब्सन कारखान्यात लॉइड लोअर ह्यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ दरम्यान एफ-५ मँडोलिनं झाली. तबली (धडाची वरची फळी) कोरलेली, व्हायोलिनसारखी एफ-छिद्रं, आत दोन जवळजवळ समांतर टोनबार (तबलीला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या) आणि लांब मान, जी धडाला पंधराव्या पडद्यापाशी मिळते. ब्लूग्रासचे जनक मानले जाणाऱ्या केंटकीच्या बिल मन्रो ह्यांचं प्रसिद्ध वाद्य ह्यांतलंच. त्याच्या लेबलावर ९ जुलै १९२३ ही तारीख आणि लोअर ह्यांची सही आहे. ही वाद्यं मूळची मँडोलिन-वाद्यवृंदांच्या संगीतासाठी घडवलेली. ब्लूग्रासने ती वीसएक वर्षांनी उचलली आणि मग त्यांच्याशिवाय त्याचं पानच हलेना.

एफ-५ ला डाव्या खांद्यावर गुंडाळी असते आणि खाली दोन टोकं. त्यांनी आवाजात ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही, पण काम जवळपास दुप्पट होतं. पहिली दोन-तीन वाद्यं ए-५ आकाराची करा. धड थेंबासारखं साधं, बाकी मापं तीच. गुंडाळीवर जाणारा वेळ तबलीवर घाला. पूर्ण मापाचा नकाशा विकत मिळतो. धडाची रूपरेषा, बाजूंची उंची आणि एफ-छिद्रांची जागा त्यावरूनच उचला.

लाकूड आणि हवा

तबलीला स्प्रूस. लाल स्प्रूस, ज्याला ॲडिरॉनडॅक म्हणतात, तो वजनाच्या मानाने फार ताठ असतो आणि जोरात मारलं तरी आवाज फुटत नाही, म्हणून ब्लूग्रासवाल्यांची पहिली पसंती त्याला. सिटका चालतो. एंगलमन मऊ असतो. तो घेतलात तर खाली दिलेल्या जाड्यांत ०.३ ते ०.५ मिमी जास्त ठेवा. दोन फाळ्या एकाच ओंडक्यातून लागोपाठ चिरलेल्या हव्यात, प्रत्येकी साधारण ४०० × १३५ मिमी, जाड कडेला किमान २२ मिमी. रेषा कापाच्या तोंडावर उभ्या दिसल्या पाहिजेत. त्या १० अंशांहून जास्त कललेल्या असतील तर ताठपणा झपाट्याने कमी होतो. तो तुकडा बाजूला ठेवा, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

पाठ, बाजू आणि मान मेपलच्या. पट्टीला आबनूस उत्तम, आपल्याकडची जुनी वाळलेली शिसवही चालते. शिसवीची पाठ मात्र टाळा. ती जड पडते आणि आवाज लांबवते, जे आपल्याला नको आहे.

लाकूड कितीही जुनं असलं तरी धड बंद करण्याच्या दिवसाची हवा मोजली जाते. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असतानाच तबली आणि पाठ चिकटवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हाच आकडा ८५ च्या वर जातो. तेव्हा फुगलेलं लाकूड चिकटवलं आणि वाद्य अमेरिकेत हीटर लावलेल्या घरात हिवाळ्यात गेलं, की तबली आकसते, आकसायला जागा मिळत नाही, आणि मधल्या सांध्यालगत चीर पडते. उलट पुण्या-नगरच्या कोरड्या एप्रिलमध्ये चिकटवलेलं वाद्य पावसाळ्यात फुगतं, तबली वर येते आणि तारा पट्टीपासून उंच होतात. एक छोटी खोली, डीह्युमिडिफायर आणि विश्वासाचं आर्द्रतामापक एवढं असल्याशिवाय सुरुवातच करू नका. लाकडाच्या फाळ्या निदान महिनाभर त्याच खोलीत ठेवा.

बाजू

बाजूंच्या पट्ट्या २ मिमी जाड. लाटा असलेल्या मेपलमध्ये रेषा वरखाली होते, म्हणून तो तीव्र वळणावर तडकतो. तसं लाकूड असेल तर १.८ पर्यंत उतरा. गरम नळीवर पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर उडाला की नळी तयार. पट्टी नुसती ओलसर करा, भिजत घालू नका, कारण फार भिजलेलं मेपल लाटांवर उमलतं. बाहेरच्या अंगाला पातळ पत्र्याची पट्टी धरून वाकवा. साच्यात बसवा, वर मानेचा ठोकळा आणि खाली शेपटीचा ठोकळा चिकटवा, मग आतून चिरा दिलेली अस्तरपट्टी दोन्ही कडांना. सपाट फळीवर सँडपेपर चिकटवून त्यावर पूर्ण चौकट घासून कडा एका पातळीत आणा. इथे राहिलेली अर्ध्या मिलिमीटरची फट क्लॅम्पने दाबून बुजवलीत तर तबलीत कायमचा ताण राहतो.

तबली

वाद्याचा आवाज इथे ठरतो. घाई असेल तर ती पॉलिशमध्ये करा, इथे नको.

दोन फाळ्यांच्या जाड कडा लांब रंध्याने सरळ करून एकमेकींवर उभ्या धरा आणि मागे दिवा ठेवा. उजेडाची रेघ कुठेही दिसता कामा नये. सांधा सरसाने जोडा. सरसाच्या दाण्यांच्या वजनाच्या पावणेदोन ते दोनपट थंड पाणी, तासभर भिजत, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० ते ६३ अंश सेल्सियस. ६५ च्या वर वारंवार गेला की सरस कमजोर होतो. जोडायच्या कडा आधी कोमट करून घ्या, नाहीतर क्लॅम्प लागेपर्यंत सरस गोठतो आणि सांधा वरून बंद दिसूनही आत पोकळ राहतो.

आधी बाहेरचा उठाव. चिकटवायच्या पातळीपासून माथ्यापर्यंत १५ ते १६ मिमी उंची. काठाला ५ मिमी जाडी सोडून, काठापासून १२ ते २० मिमी आत एक उथळ पन्हळ फिरते आणि तिथून उठाव वर चढतो. गोल पटाशीने ढोबळ काढा, छोट्या बोटभर रंध्याने आकार आणा, शेवटी लवचिक पोलादी स्क्रेपर. दिवा तिरका धरून सावली पाहा. सावली कुठे मोडली तर तिथे उंचवटा किंवा खड्डा आहे. बाहेरचा आकार पूर्ण झाल्याशिवाय आतला भाग हातात घेऊ नका, कारण पुढच्या सगळ्या जाड्या ह्याच पृष्ठभागावरून मोजायच्या.

आत ड्रिलस्टँडला अटकाव लावून, तळाला गोल टोकाची खुंटी ठेवून, ६ मिमी लाकूड शिल्लक राहील अशी भोकं पाडा. भोकांच्या तळापर्यंत कोरा. मग जाडी मोजायच्या कॅलिपरने हळूहळू उतरत जा. लाल स्प्रूससाठी पहिल्या फेरीचं लक्ष्य: घोडीखाली (घोडी म्हणजे तारा पेलणारा तबलीवरचा पूल) ५.३ मिमी, पन्हळीत ३.५. अंतिम मापं घोडीखाली ४.८ आणि पन्हळीत ३.० च्या आसपास, पण तिथे एकदम जायचं नाही.

नवे कारागीर इथे हमखास एकच चूक करतात. आवाज मोकळा हवा म्हणून मधला भाग पातळ करतात. साधारण नेहमीच्या तारांचा एकूण ताण ७८ ते ८० किलो येतो आणि त्यातला २० किलोच्या आसपास भार घोडीतून सरळ खाली तबलीवर पडतो. मधोमध पातळ केलेली तबली आधी गुबगुबीत, खर्जाचा आवाज देते, घरात एकट्याने वाजवताना कानाला छानच वाटतो. चॉप मारला की तोच खर्ज घुमतो, झटका बोथट होतो आणि वर्षा-दोन वर्षांत घोडीखाली तबली बसायला लागते. मधला भाग ताठ ठेवायचा आणि लवचिकपणा पन्हळीतून मिळवायचा. ढोलाच्या कातड्यासारखी पूर्ण तबली काठाच्या बिजागरीवर हलली पाहिजे. पन्हळ जाड राहिली तर वाद्य आवळलेलं, नाकात बोलल्यासारखं वाजतं. हा दोष नंतर दुरुस्त करता येतो, कारण पन्हळ बाहेरूनही घासता येते. मध्ये गेलेलं लाकूड परत येत नाही.

एफ-छिद्रं आता कापा, बारीक पात्याच्या करवतीने, आणि कडा धारदार सुरीने साफ करा. कडेची रेषा लांब चिरत जाईल अशी भीती असते, म्हणून सुरी नेहमी रेषेला आडवी किंवा तिच्या उताराच्या दिशेने चालवा.

टोनबार दोन, स्प्रूसचेच, रेषा उभी ठेवून फाडलेले. करवतीने कापले तर रेषा तिरकी जाण्याची शक्यता राहते. रुंदी ६.५ मिमी, उंची घोडीखाली १२ मिमी, टोकांना ३ पर्यंत उतरती. ते घोडीच्या दोन्ही पायांच्या जवळून जातात आणि मानेकडे थोडे एकमेकांकडे येतात. काही कारागीर फुलीच्या आकारात बसवतात. तो आवाज उघडा आणि खर्जाला भरदार असतो. चॉपसाठी समांतर टोनबारच घ्या, असं ठामपणे सांगतो. बसवताना तबलीला आतून खडू फासा, टोनबार टेकवून उचला, खडू लागलेले उंचवटे तेवढे खरवडा. पूर्ण लांबीवर सारखा खडू लागेपर्यंत हे करत राहा. बाक देऊन जबरदस्तीने दाबलेला टोनबार तबलीला वाकवून ठेवतो.

बोटाने ठोकून सूर ऐकायची पद्धत जुनी आहे आणि लोअर ह्यांच्या काळापासून तिच्याभोवती बरंच बोललं जातं. ठोकून मिळणारा सूर वहीत जरूर लिहा, पण त्याला गाठायचं लक्ष्य समजू नका. त्याहून भरवशाचं म्हणजे लवचिकपणा मोजणं. तबली चौकटीला चिकटवल्यावर, पाठ लावायच्या आधी, घोडीच्या जागी ५ किलोचं वजन ठेवा आणि डायलगेजने ती किती खाली गेली ते मोजा. प्रत्येक वाद्याचा आकडा, वजन आणि पुढे वाद्य कसं वाजलं ते एकत्र नोंदवा. चार-पाच वाद्यांनंतर ही वही कुठल्याही नकाशापेक्षा जास्त उपयोगाची ठरते.

पाठ

पद्धत तीच, लाकूड वेगळं. मेपल कठीण, म्हणून मधोमध ४.३ आणि पन्हळीत २.३ मिमी. पाठीला टोनबार नाही. ती तबलीपेक्षा थोडी ताठच असू द्या, झटका पुढे फेकायचं काम तिचं. चिकटवण्याआधी आतला भुसा पुसून घ्या आणि लेबल लावा. मग कडेला बाइंडिंगसाठी (कडेवर बसणाऱ्या बारीक पट्टीसाठी) खोबण पाडायची. सेल्युलॉइडची बाइंडिंग असेल तर सरसाने नाही, ॲसिटोनवर आधारित सिमेंटने बसवा, आणि ती आकसून थांबायला आठवडाभर तरी द्या. लगेच घासून सपाट केलीत तर महिन्याने कडेला खाच दिसते.

मान आणि पट्टी

मानेत आधारगज (तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून आतला गज) घाला आणि ती धडाला डव्हटेल, म्हणजे पाचरीच्या आकाराच्या, सांध्याने जोडा. कोन ५ ते ६ अंशांच्या आसपास येतो, पण कोनमापकापेक्षा सरळपट्टीवर विश्वास ठेवा. पट्टी आणि पडदे बसवल्यावर पडद्यांवर सरळपट्टी ठेवली तर घोडीच्या जागी ती तबलीपासून १४ ते १५ मिमी उंच हवी. म्हणजे तारांची उंची धरून घोडी १७-१८ मिमीची होते. कोन कमी पडला तर घोडी बुटकी राहते, खालचा दाब घटतो आणि आवाज पातळ येतो. जास्त झाला तर तबलीवर नको इतका भार. डव्हटेलची गाल आणि टाचेची बैठक खडूनेच जुळवा. सरस न लावताही मान हातात धरून वाद्य उचलता आलं पाहिजे.

तारेची मोकळी लांबी ३५२.४ मिमी. ती १७.८१७ ने भागली की पहिल्या पडद्याचं अंतर, १९.८ मिमी. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागा. दुसरा पडदा नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) ३८.४५ वर, बारावा बरोबर मध्यावर १७६.२ वर. सगळी अंतरं नटपासूनच मोजून खुणा करा. आधीच्या पडद्यापासून मोजत गेलात तर प्रत्येक पावलाची चूक पुढच्यात मिसळते आणि बाराव्यापर्यंत कानाला टोचेल इतकी होते. खाच ०.६ मिमी. जुन्या वाद्यांत पडदे फार बारीक असत, आजचे बरेच वादक २ मिमीच्या जवळपास रुंदीचे मागतात. तेवढं विचारून घ्या. नट रुंदी २८.५ मिमी.

पट्टीचं धडावर पुढे आलेलं टोक ब्लूग्रासवाल्यांना अडचणीचं होतं. त्यांचं प्लेक्ट्रम १.४ मिमी किंवा त्याहून जाड असतं आणि जोरात मारताना ते शेवटच्या पडद्यांवर टकटकतं. ते टोक आखूड ठेवा, किंवा त्या जागचे पडदे न घालता लाकूड २ मिमीने खाली खरवडा.

पॉलिशआधी तारा

रंग लावण्याआधी, उघड्या लाकडावरच, नट, घोडी, शेपटीचा पत्रा आणि कानखुंट्या बसवून तारा चढवा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर हळहळतात. आठवडाभर ताणाखाली ठेवा. मग जी कॉर्डचा चॉप मारा: खर्जाच्या जोडीवर सातवा पडदा, पुढच्या जोडीवर पाचवा, मग दुसरा, मग तिसरा. दहा फुटांवर कुणाला तरी उभं करा. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते खोटं असतं, आवाज एफ-छिद्रांतून पुढे जातो. झटका आवळलेला वाटला तर पन्हळ बाहेरून, घोडीच्या दोन्ही अंगांना, स्क्रेपरने थोडी थोडी उतरवा. एका वेळी ०.१ मिमी, मग पुन्हा सूर लावून ऐका. फरक थांबला की हातही थांबवा.

मग तारा उतरवा आणि रंग. स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग कापडाने चोळत मधोमध पिवळा, बाहेर तांबूस, काठाला गडद तपकिरी. वर लाखेचं फ्रेंच पॉलिश: १०० मिली स्पिरिटला १२ ते १५ ग्रॅम चपडा लाख. थर पातळ ठेवा. जाड लॅकर किंवा पॉलियुरेथेन तबलीला जखडून टाकतं आणि एवढ्या बारकाईने मिळवलेला झटका गिळतं. दमट हवेत फ्रेंच पॉलिश करू नका, ते पांढुरकं होतं.

घोडी आणि अखेरची जुळवणी

घोडी आबनुसाची, दोन तुकड्यांची, मध्ये पितळी चाकं. तिचे पाय तबलीच्या उठावावर तंतोतंत बसले पाहिजेत. घोडीच्या जागी १२० नंबरचा सँडपेपर धारदार बाजू वर करून तबलीला टेपने चिकटवा आणि घोडीचा तळ तारांच्या दिशेने छोट्या हेलकाव्यांत घासा. शेवट २२० ने. मग तळाखाली कार्बन पेपर सरकवून पाहा. डाग पूर्ण पायावर सारखा हवा. नुसती पायांची टोकं टेकलेली घोडी अर्धा आवाज खाते, आणि बाहेरून ते कळतही नाही. मिरजेचा कारागीर सतारीच्या घोडीला जवारी काढतो ती तारेने पृष्ठभागाला घासत झणकारावं म्हणून. मँडोलिनची घोडी नेमकी उलट: तार एका टोकदार कडेवरूनच सुटली पाहिजे, जराही झणकार नको. खाच तारेच्या जाडीच्या निम्म्याएवढीच खोल. वरच्या कडेची पायरी, बारीक जोडीपासून खर्जाच्या जोडीपर्यंत, अशी: ई पुढे (मानेकडे), ए मागे, डी पुढे, जी मागे.

तारा ०.०११, ०.०१५, ०.०२६, ०.०४० इंच, फॉस्फर ब्राँझ. घोडीची जागा ३५२.४ च्या एक-दोन मिलिमीटर मागे येते. नेमकी जागा कानाने ठरवा: बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एक झाला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी शेपटीकडे, उतरा असेल तर मानेकडे. बाराव्या पडद्यावर उंची ई ला १.४ आणि जी ला १.७ ते १.८ मिमी. ह्याहून खाली गेलात तर हलक्या हाताला सुख, पण जोरात मारताच तार पडद्यांवर आपटते आणि चॉपमध्ये खरखर मिसळते. मानेचा पुढचा बाक ०.१ मिमी पुरे. नटची खाच तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबा, पहिल्या पडद्यावर कागदाएवढी फट दिसली पाहिजे.

पहिल्या महिन्यात तबली किंचित बसते आणि उंची कमी होते. हे अपेक्षितच आहे. चाकं फिरवून घोडी वर घ्या, पण आधी तारा सैल करा, नाहीतर चाकाचे आटे लाकडातून उपटतात. महिन्याने बाक आणि घोडीची जागा पुन्हा तपासा. तारा बदलताना वादकाला एका वेळी एकच जोडी काढायला सांगा. सगळ्या एकदम काढल्या तर घोडी जागेवरून सरते. त्याच्यासाठी पायांच्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवली तर उत्तम.